रंगवलेल्या खिडक्यांच्या आत

हे खरं घडलेलं आहे. एकाहत्तराव्या वर्षी, रोज गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या बाईला खोटं लिहून काय मिळणार?

शहराचं नाव लिहीत नाही. पोलादाचा कारखाना बंद पडलेलं, तळ्याकाठचं कुठलंही शहर धरा. रस्ता मात्र सांगते. हॅरिसन स्ट्रीट. जानेवारीतला मंगळवार, दुपारचे दोन.

त्या दुपारी माझा थोरला भाऊ ऑर्विल बुटांच्या जुन्या दुकानात शिरला...

आणि बाहेर आला नाही.

ते दुकान म्हणजे आमचं चर्च. बूट विकणारे सोडून गेले, त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही तिथं देवाचं नाव घेतलं. छप्पर गळायला लागलं, म्हणून नाताळनंतर समोरच्या टायरच्या दुकानात खुर्च्या हलवल्या. ऑर्विल आमचा डीकन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा सेवक. झाडलोट, किल्ल्या, थंडीत ऊब देणारी भट्टी, सगळं त्याच्याकडे. थंडीनं नळ फुटू नयेत म्हणून तळघरात उतरून नळांतलं पाणी काढून टाकायचं राहिलं होतं. ते उरकून तो संध्याकाळच्या बसनं मेम्फिसला, आमच्या चुलतभावाकडे जाणार होता. फोन तो कधी बाळगत नसे.

म्हणून इथं कुणी त्याची वाट पाहिली नाही.

त्याची एक सवय सांगायला हवी. आमच्या पास्टर गेन्सचं प्रवचन साध्या बोलण्यानं सुरू होतं आणि नकळत गाण्यात शिरतं. अंगावर काटा येतो हो, इतकं गोड गातात ते. मग धाप लागते, ते थांबतात, रुमालानं कपाळ पुसतात. त्या थांबण्यात आम्ही सगळे 'होय, प्रभू' म्हणतो. ऑर्विल मागच्या रांगेतून म्हणायचा, "सावकाश होऊ द्या, पास्टर. आम्ही कुठं जात नाही."

सगळे हसायचे. दर रविवारी तेच, तरी हसायचे.

त्या मंगळवारी चार वाजता सिटी हॉलचा ठेकेदार आला. रस्त्यावरच्या आठ ओसाड दुकानांच्या दारा-खिडक्यांवर त्यानं प्लायवूड ठोकलं. त्यावर रंगवलेल्या खिडक्या. पांढरे पडदे, कुंड्यांत लाल फुलं. हमरस्त्यावरून जाणाऱ्या पाहुण्यांना शहर नांदतं दिसावं म्हणून.

आत कोण आहे, हे कुणी पाहिलं नाही.

बुधवारी दुपारी सिटी हॉलचे साहेब लोक फोटो काढायला आले. आमच्या गाणाऱ्या मंडळींना आमंत्रण होतं. बुटांच्या दुकानासमोर, त्या रंगीत फुलांना पाठ करून आम्ही तीन गाणी म्हटली.

ताल फार छान लागला होता...

ठक. ठक. ठक-ठक.

मला वाटलं, मागच्या रांगेत कुणी टाच आपटतंय. मी मान न वळवता म्हटलंसुद्धा, "छान. असंच चालू दे."

गाणी संपल्यावर मागं वळले.

मीच मागच्या रांगेत उभी होते. माझ्या मागं फक्त प्लायवूड होतं.

मी ते मनावर घेतलं नाही. देव मला क्षमा करो, मी साहेबांनी वाटलेली कॉफी प्यायले आणि घरी गेले.

रविवार आला. सकाळचे साडेअकरा. पास्टर गाण्यात शिरले, चढले, थांबले. रुमाल काढला...

"सावकाश होऊ द्या, पास्टर."

आवाज मागच्या रांगेतून आला नव्हता. रस्त्यापलीकडून आला होता.

"आम्ही कुठं जात नाही."

कुणी हसलं नाही.

मी दारात गेले. समोर सगळ्या प्लायवूडवर हिमाचा पातळ थर होता. बुटांच्या दुकानावरच्या एका रंगवलेल्या काचेवर मात्र वाफ धरली होती... वाटोळी, तोंडाएवढी. कुणी आतून श्वास सोडल्यासारखी.

लाकडावर, बरं का. काचेवर नाही.

मी मेम्फिसला फोन लावला. चुलतभाऊ फणकारला, "तो तुझ्याकडेच राहिला ना? मी इथं त्याच्यावर रुसून बसलोय."

पोलिसांना कळवलं. त्यांनी सिटी हॉलची ओसाड इमारतींची यादी पाहिली. यादीत दुकान रिकामं होतं.

सोमवारी आठ वाजता सिटी हॉल उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. ओसाड इमारतींचं खातं सांभाळणारे हॉलंड नावाचे गृहस्थ होते. भाऊ आत आहे, उघडा, असं मी सांगितलं. त्यांनीही यादीच दाखवली. मी विचारलं, "तुम्ही आत जाऊन पाहिलं होतंत?"

"मॅडम, अशा अकराशे इमारती आहेत. पाहणी गाडीतून होते."

"खालीसुद्धा उतरत नाही?"

"काच खाली करतो," ते म्हणाले.

काच खाली करतो!

मग त्यांनी अर्ज पुढं सरकवला. दहा दिवस लागतील, तोवर फळीला हात लावणं गुन्हा. अर्जात 'उघडण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'माझा भाऊ.' आणि तिथून निघाले ती थेट पास्टरांकडे.

त्यांनी गाडीतून पहार काढली. "सिस्टर वर्नेटा, तुरुंगात प्रवचनाला मला नेहमी बोलावतात. या वेळी मुक्कामालाच जाऊ."

फळी निघाली तसा ऑर्विल आमच्या पायांशी कलंडला. तिला टेकूनच बसला होता तो.

तळघराच्या जिन्यावर पाय मोडला होता. तिथून सरपटत पुढच्या, जमिनीलगतच्या खिडकीपर्यंत आला होता, तिची काच फोडली होती. हातात पाना होता. फळीच्या आतल्या बाजूला पान्याचे खळगे... शंभर तरी असतील.

डॉक्टर म्हणाले, बुधवारी दिवसभर जिवंत असणार. गुरुवार काही त्यानं पाहिला नाही.

म्हणजे आम्ही गात होतो तेव्हा तो होता.

आणि रविवारी नव्हता.

मग बोललं कोण?

मी सिटी हॉलच्या पायऱ्या झिजवल्या. बाकीची सात दुकानं पाडण्याआधी एकदा उघडून पाहा, एवढंच मागणं. दरवेळी तीच यादी. मार्चमध्ये यंत्रं आली आणि आठही दुकानं जमीनदोस्त झाली. सात न उघडता. मलबा ट्रकांत भरून गेला. आता तिथं गवत आहे, आणि प्रत्येक तुकड्यावर पाटी: 'रिकामी जागा'.

रिकामी म्हणे.

पास्टर थांबले की गवतातून आवाज येतो. आधी ऑर्विलचा. मग डावीकडून, जिथं औषधांचं दुकान होतं तिथून, एका बाईचा. मग आणखी पलीकडून...

मी हॉलंडना पत्र लिहिलं. रविवारी साडेअकराला या, ऐकून जा.

जुलैत आले. एकटेच. गवतापाशी गाडी लावली. उतरले नाहीत.

काच खाली केली.

मी चर्चच्या दारात उभी होते. पास्टर थांबले. पलीकडून उत्तर आलं, सगळ्यांचं मिळून. हॉलंडनी घाईघाईनं काच वर केली.

भर उन्हात त्यांच्या मागच्या काचेवर, आतल्या बाजूनं, वाफ धरली...

वाटोळी. तोंडाएवढी.

मग तिच्याशेजारी दुसरी.

गाडी निघून गेली. हॉलंड त्यानंतर कामावर आले नाहीत, एवढंच सिटी हॉलमध्ये सांगतात.

मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायला हवी. माझा धर्म तेच सांगतो. रोज गुडघे टेकते, त्यांचं नाव ओठांपर्यंत येतं...

आणि मी ते गिळून टाकते.

गवतातल्या आवाजांची मला भीती वाटत नाही. याची वाटते.