दिवा लागल्यावर

“आधी पानाला नाव द्या. बिननावाचं पान मशीन ठेवून घेत नाही.”

सुकदेवचं हे पहिलं वाक्य प्रमिलाच्या कानात अजून तसंच होतं… नव्याण्णव सालच्या चैत्रात ती जळगावात रतिलालभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंगच्या परीक्षेची चौकशी करायला शिरली होती. त्याला वाटलं, हीच नवी ऑपरेटर. त्यानं खुर्ची पुढे सरकवली, आणि आपण ऑपरेटर नाही हे सांगायचं ती विसरूनच गेली. भाऊंनी हसत तिला कामावर ठेवून घेतलं.

केळी बागायतदारांच्या संस्थेची वेबसाइट करायची होती. कोड न लिहिता पानं भरता यावीत असा प्रोग्रॅम शिंदखेड्याच्या सुकदेवनं स्वतःच रचला होता. वर नावाची चौकट, खाली मजकुराची, आणि कोपऱ्यात बारीकशी एक खूण – ‘मेनूत दाखवा’. केळीच्या बाजारभावाचं पान रोज बदलायचं. ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’ मात्र स्थिर पानं. एकदा लिहिली की कुणी हात लावेपर्यंत जागची हलत नाहीत, असं तो समजावत होता, तेव्हा प्रमिला पडद्याकडे बघतच नव्हती… आणि तेही त्याच्या लक्षात आलं होतं.

श्रावण लागला. दर सोमवारी प्रमिलाचं मौन असायचं, संध्याकाळी महादेवापुढे दिवा लागेपर्यंत. मग त्या दिवशी ती कोऱ्या पानावर टाइप करून बोलायची आणि बोलणं झालं की पुसून टाकायची.

“तुमचा महादेव माझ्यावर रागावलाय का?” सुकदेवनं एकदा विचारलं. “आठवड्यातला एक दिवस माझा कापून घेतो.”

तिनं टाइप केलं – उरलेले सहा तुमचे, हे कुणी सांगितलं?

दिवसभर तो उगाचच गुणगुणत होता.

तिसऱ्या सोमवारी तो आला तो खांद्याला पिशवी अडकवूनच. धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. साडेअकराची एसटी होती. बाहेर भुरभुर चालली होती, आणि खिडकीच्या गजांवर थेंब ओळीनं थांबले होते, जणू त्यांनाही ऐकायचं होतं.

“प्रमिला…” आजवर तो तिला ‘प्रमिलाबाई’ म्हणायचा. “आबा उद्या एका ठिकाणी माझ्या लग्नाचा शब्द द्यायला निघालेत. त्यांना थांबवू… की नको?”

तिचे ओठ विलग झाले. त्यानं घाईनं हात वर केला.

“नको, बोलू नका. माझ्यापायी व्रत मोडलंत तर मला जन्मभर टोचेल. पानावर लिहा. धुळ्याला पोचलो की उघडून बघेन.”

धुळ्यातल्या आपल्या बहिणीच्या घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कीबोर्डजवळ ठेवून तो गेला. त्याच्या ओल्या चपलांचे ठसे फरशीवर हळूहळू वाळत राहिले.

प्रमिलानं ‘होय’ लिहिलं. मग पुसलं. हा शब्द त्यानं वाचावा असं तिला वाटेना – ऐकावा असं वाटत होतं. तिनं पानाला नाव दिलं, ‘दिवा लागल्यावर’. खाली लिहिलं, ‘पहिला शब्द तुमच्याशी बोलेन. फोनजवळ बसा.’ आणि डोळे मिटून पब्लिशचं बटण दाबलं.

अर्ध्या तासानं आतून रतिलालभाऊंचा आवाज आला. “प्रमिला, ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’ यांच्या मधे हे ‘दिवा लागल्यावर’ काय आहे? बागायतदारांचा काही नवा कार्यक्रम?”

मेनूची खूण! काढायची राहिलीच होती. आणि सांगायचं तरी कसं… प्रमिलाच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. भाऊंनी पान उघडून वाचलं, सुकदेवच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, चष्मा काढून सावकाश पुसला.

“मेनूतून काढ,” ते हळूच म्हणाले. “पान राहू दे.”

संध्याकाळी मेहरूण भागातल्या आपल्या घरी तिनं बेल वाहिला, वात सारखी केली, दिवा लावला. आज हात जोडताना मागणं काही सुचलं नाही. नुसतेच डोळे भरून आले.

“लागना का दिवा?” स्वयंपाकघरातून आई, भिकुबाई, म्हणाली. “आते बोल, काय खाशी?”

प्रमिला नुसती हसली. देवघराच्या कोनाड्यातली चिठ्ठी मुठीत घेतली, चपला पायात सरकवल्या.

“कोठे चालनी वं? तुनं मौन सुटनं ना?”

दारातून वळून तिनं आईकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि ओठ तसेच घट्ट मिटून तळ्याकाठच्या एसटीडी बूथकडे चालू लागली.