शिवानीचा कॉम्प्युटर

कंधारच्या बसस्टँडसमोर, उसाच्या रसवंतीला लागून मारोतीचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं तिथे होतं. दारात चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वर पिवळी पाटी, ‘शिवानी ऑनलाइन’. शिवानी ही मारोतीची पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि गेली. दुसरी बायको तनुजा लातूरहून आली, तेव्हा पाटी बदलेल अशी तिची भाबडी समजूत होती. पाटी काही बदलली नाही. दर पाडव्याला मारोती ती ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तेव्हा तनुजा उठून आत निघून जायची.

तशी ती कमी नव्हती. लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, एका क्लासच्या ऑफिसात नोकरी केलेली. या विषयात नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त कळायचं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. म्हणून ती हौसेने दुकानात बसू लागली. इथे तरी आपली जागा आपण मिळवू, असा तिचा हिशेब होता.

आणि नेमकं तिच्याच हाताखाली मशीन हँग व्हायला लागलं.

काळावेळ काही नाही. फॉर्म अर्धा भरलेला असायचा, आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं. पंखा मात्र आत फिरत राहायचा. तनुजा कॅप्सलॉक दाबून बघायची, बारका दिवा लागत नसे. समोरचा माणूस कपाळावरचा घाम पुसायचा. मग मागून मारोती यायचा, माउसवर नुसता तळहात ठेवून उभा राहायचा, आणि थोड्या वेळाने बाण हलायचा.

“त्याला जरा दमानं घ्यावं लागतंय,” तो म्हणायचा. “शिवानी तसंच करायची.”

त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या.

तिने नांदेडहून मल्लिनाथला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचं नाव होतं. त्याने कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, अर्थिंग तपासलं. “झालं वैनी, आता पळतंय बघा.” पळालं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. पुढच्या खेपेला पॉवर सप्लाय बदलला, मग हार्डडिस्क, मग मदरबोर्ड. मारोतीच्या हाताखाली ते मशीन कधीच अडलं नाही. अडायचं ते तनुजापाशीच.

मॉनिटरच्या कडेला शिवानीने कधीतरी लावलेली मरून रंगाची टिकली होती. आरशाला लावतात तशी. तनुजाने एका दुपारी ती नखाने खरवडून काढली, आणि मग मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, सगळंच बदलायला लावलं. सगळा जुना ढीग भंगारवाल्याच्या गाड्यावर चढला तेव्हा तिला खूप दिवसांनी भूक लागली. मारोती मात्र गाडा वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारात उभा होता.

नवं मशीन पहिल्याच सकाळी हँग झालं.

“ह्याच्यात जुनं काय राहिलं वैनी?” मल्लिनाथ म्हणाला. “एक स्क्रूबी न्हाई.” तो सामान आवरून गेला, त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

त्या संध्याकाळी सासूने, केवळाबाईने, शेंगा फोडता फोडता विचारलं, “तू तिला दाखवलीस का गं नवी मशीन?”

“कुणाला?”

“कुणाला म्हंजी? टाक कुठं हाय तुझा?”

टाक म्हणजे सवतीचा टाक. पहिली गेली की दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा पत्रा गळ्यात घालायचा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली असते. नवं लुगडं, नव्या बांगड्या आधी त्या टाकाला लावायच्या, मग आपण घालायच्या. लग्नात केवळाबाईने तो काळ्या दोऱ्यात ओवून दिला होता. तनुजाने तो दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये फेकला होता. मेलेल्या बाईला गळ्यात मिरवायला ती काय खुळी होती?

पण मग परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली. दुकान पोरांनी गच्च भरलं, मशीन ठप्प झालं, आणि निम्मी पोरं समोरच्या दुकानात गेली. मारोती आवाज न चढवता म्हणाला, “उद्यापासून तू घरीच बस. मी बघतो.”

तनुजाची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आधी दुकानात पोचली, ड्रॉवर उघडून टाक काढला, कीबोर्डला टेकवला आणि गळ्यात घालून पदराआड दडवला. त्या दिवशी मशीन एकदाही अडलं नाही. त्या आठवड्यातही नाही. घरी बसायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग एकदा ती एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. मुलीने वडिलांचं नाव सांगितलं. तनुजाने पहिलं अक्षर टाईप केलं. आणि पुढच्याच क्षणी समोर एक म्हातारा बसला होता, मुलगी नव्हतीच, आणि प्रिंटर गरम होता.

डुलकी लागली असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

पुढच्या वेळी ती भानावर आली तेव्हा जिभेवर कडवट चव होती. पुढ्यात रिकामा कप. बिनसाखरेचा चहा तिने जन्मात घेतला नव्हता. घरात तसा चहा फक्त एकीलाच लागायचा, हे केवळाबाईने तिला चारदा ऐकवलं होतं.

समोर मारोती हसत होता. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तनुजाने त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

“काय झालं?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. हसू हळूहळू विझलं. “काही न्हाई,” तो म्हणाला आणि कप उचलून आत गेला.

मॉनिटरच्या कडेला टिकली चिकटवलेली होती. तनुजाने कपाळाला हात लावला. कपाळ मोकळं होतं.

तिच्या अंगाची आग आग झाली. कुणाचा मत्सर करायचा? तोंड तिचं, आवाज तिचा, आणि तो हसला ते शिवानीकडे बघून.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईल कागदांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ चालू केला. दुपारी घरी जेवायला गेली तेव्हा न्हाणीघराची कडी लावून तो पाहिला.

ती टाईप करता करता थांबली होती. बोट हवेत, डोळे उघडे.

मारोती मागून आला. त्याने माउसकडे पाहिलंही नाही. तिच्या हातावर तळहात ठेवून तो उभा राहिला.

मग तिने कपाळावरची टिकली काढली, मॉनिटरच्या कडेला लावली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

तिने पुढचं पाहिलं नाही.

दुकानात परतल्यावर टाक ओरबाडून काढून तिने ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर गुडघ्याने ढकलून बंद केला आणि कामाला बसली. बाण थिजला. घड्याळ थांबलं. खुर्च्यांवरची माणसं कुरकुरायला लागली.

मारोती आला. त्याने सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर निम्मं खाली ओढलं. ड्रॉवर उघडून टाक काढला. तिचे केस एका बाजूला केले आणि मानेमागे दोऱ्याची गाठ मारली, हलक्या हाताने, टोचू नये अशी. लग्न झाल्यापासून या हाताची तिने वाट पाहिली होती. तिचे डोळे भरून आले आणि ती हलली नाही.

पडद्यावरचं घड्याळ पुन्हा चालू झालं.

त्याने दोन कप आणले. बिनसाखरेचा तिच्यापुढे सरकवला, समोर खुर्ची घेतली आणि तळहात तिच्या हातावर ठेवून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला.

“अहो,” तनुजा म्हणाली, “मी हाय ना इथं.”

“दमानं,” तो म्हणाला. “च्या निवायच्या आत येती ती.”