पार्सल काउंटरवरची पैलवान

"माणसांना काय कळतं तुझं! कोणीही यावं, उभं राहावं…"

ही कुरकुर पार्सल काउंटरच्या खालून येत होती. पडलेलं पेन उचलायला पैलवान वाकली, तर खाली एक माणूस आडवा पडून वजनकाट्याशी बोलत होता. नाकावर ग्रीसचा ठिपका, दातांत स्क्रू.

"काट्याशी गप्पा मारता?"

"तोच काय तो ऐकून घेतो." त्याने स्क्रू काढून हातात घेतला. "यावर रोज कोणीतरी चढतं. एका कोपऱ्यात दबलाय बिचारा. पार्सल असं टाच रोवून उभं राहत नाही."

पैलवानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चढणारी तीच होती. पोस्ट ऑफिस उघडलं की आधी चपला काढायच्या, मग काट्यावर चढायचं, मग दिवस सुरू.

"उंदीर असेल."

"भलताच गुटगुटीत उंदीर दिसतोय."

"गुटगुटीत? सहा महिन्यांत चौदा किलो उतरलेत!"

बोलून गेली आणि जीभ चावली. तो इतका हसला की त्याचं डोकं काउंटरला आपटलं. मग डोकं चोळत म्हणाला, "ते वीस किलोचं वजन जरा वर ठेवता? काटा तपासू."

तिने लोखंडी वजनाच्या कडीत हात घातला. वजन चार बोटं उठलं आणि पुन्हा खाली बसलं.

"मी इथली कर्मचारी आहे, हमाल नाही!" ती फणकारली आणि निघून गेली.

खरं तर पैलवान हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. दोन हातांत दोन पेट्या घेऊन ती गोदामातून अशी यायची की गिऱ्हाइकं वाट सोडायची. जड पार्सलांचं काउंटर बाईला देत नसत; तिने ते तीन साहेबांशी भांडून मिळवलं होतं. मग साखर वाढली, गुडघे कुरकुरू लागले आणि डॉक्टरांनी साखर आणि भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. साखर उतरली, गुडघे गप्प झाले, ड्रेस सैल झाले. जो तो म्हणे, "अगं, ओळखूच आली नाहीस!"

काटा वर्षातून एकदा तपासायचा असतो. हा काटेवाला मात्र दोन महिन्यांत पाच वेळा आला. एकदा तेल घालायला, एकदा विसरलेला पाना न्यायला. तो पाना त्याच्या खिशातच होता, हे तिने पाहिलं होतं… आणि बोलली नव्हती.

"आज काय बिघडलं?"

"काटा ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे."

ती पावती पुस्तकात नाक खुपसून बसली. हसू मात्र पुस्तकात मावेना.

एकदा त्याने कागदात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी पुढे सरकवली.

"भूकच नाही हो मला. चहा-बिस्किटांवर दिवस निघतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"इंजेक्शन घ्या म्हणाले."

"नुसतं इंजेक्शन?"

"…अंडी, दही, डाळ नेमाने खा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचा व्यायाम करा. नाहीतर म्हणे चरबीबरोबर स्नायूही झडतात. पण किलो तर उतरतायत ना? झालं तर मग!"

"उतरलं ते काय होतं, हे काट्याला थोडंच कळतंय," तो पुटपुटला. बोलता बोलता तिच्यासमोरची पेटी उचलून त्याने फळीवर ठेवली. शेजारच्या काउंटरवरचे दादाही हल्ली तिच्या पेट्या न सांगता उचलत. किती माया करतात सगळे, असं तिला वाटे.

मग एके दिवशी काचसामानाची पेटी तिच्या हातून सुटली. आवाज थांबायच्या आत दादा म्हणाले, "माझा धक्का लागला." दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला पाकिटांच्या खिडकीवर बसवलं. "जरा आराम कर. छान नाजूक झालीयेस."

संध्याकाळी सायकल स्टँडपाशी काटेवाला भेटला आणि तिचा भडका उडाला.

"आराम! मी मागितला होता? आयुष्यात हक्काची म्हणून एक जागा मिळवली, तीही काढून घेतली! बाई म्हणून काढलं मला!"

तो पिशवीचा पट्टा कुरवाळत राहिला.

"बोला ना! का तुम्हीही नाजूक झालात?"

"बाई म्हणून नाही काढलं."

"मग?"

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. आणि त्या नजरेतच तिला सगळं लख्ख दिसलं.

"दादा पेट्या उचलतात, साहेब खिडकी देतात… आणि तुम्ही! तुम्हीसुद्धा उचलत होतात! मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"काही नाही! लाज नाही वाटत? एवढी सगळी माणसं, आणि एकानेही माझ्या तोंडावर सांगितलं नाही!"

"वाटते लाज," तो म्हणाला. "तुम्हाला जे वाटलं, तेही खरंच आहे. आवडता तुम्ही मला. खरं बोललो तर रागवाल, पुन्हा आलो की तोंड फिरवाल, म्हणून भित्र्यासारखा पेट्या उचलत राहिलो. आता रागवायचं तर रागवा. पण काउंटर परत हवं असेल तर साहेबांकडे तीन महिन्यांची मुदत मागून घ्या. डॉक्टरांकडे जाऊ, व्यायामाला जाऊ, मी येतो बरोबर. फक्त… तीन महिने कशासाठी, ते साहेबांना सांगावं लागेल."

त्याला चांगलं सुनावायला तिने तोंड उघडलं. पण तिने सायकलच्या सीटवर नुसता हात टेकला. मग अगदी हळू, जणू पहिल्यांदा स्वतःलाच ऐकवत, म्हणाली,

"मला उचलवत नाही हो. काहीच उचलवत नाही. घरचा जिना चढताना मध्येच थांबते मी… वर दारात आई उभी असते. तिला वाटतं, मी फोन बघतेय."