तीन दहा ते तीन चाळीस

आई गेल्याला पाच आठवडे होत आले होते, तेव्हा हॉलमधला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ओरडायला लागला. ओरडायला म्हणजे काय, दर चार सेकंदांनी एकदा, टीं… आणि मग पुन्हा, टीं… ताईने दोन दिवस ते ऐकून घेतलं. दुसरं कुणी असतं तर पहिल्या तासातच प्लग ओढून मोकळं झालं असतं. पण त्या दिवसांत ताईचं सगळंच असं चाललं होतं. दिसायचं, ऐकू यायचं, आत काही पोचायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "अगं, काय वाजतंय तुझ्याकडे? भिंतीतून येतो आवाज. डोकं उठलंय माझं." तेव्हा कुठे ताईने कॅमेरेवाल्याला फोन लावला.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. बावीस वर्षं तेच काम. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एकेक काच बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आता?" आई गेली तो दिवस आणि पुढचे दोन सोडले, तर चौथ्या दिवशी ती पुन्हा त्या खुर्चीमागे उभी होती. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धाकटा भाऊ परगावाहून आला तो उंबऱ्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला पाणी ताईनेच आणून दिलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. येईल, येईल म्हणून ती वाटही बघत होती. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की आपण चिमटा काढून बघतो ना, तशी ती रोज स्वतःला आईचं एखादं वाक्य आठवून बघायची. बोटांना कळायचं, पायाला नाही.

कॅमेरे भावाने लावून घेतले होते, दीड वर्षापूर्वी. आईचा विसराळूपणा वाढला होता. भर दुपारी कुणालाही दार उघडायची, कुणालाही आत घ्यायची. मग एक कॅमेरा दारावर, एक हॉलमध्ये आणि एक आईच्या खोलीत. दुकानात मधल्या वेळेत ताई फोनवर बघायची, आई झोपलीय ना, उठली तर नाही ना. आई गेल्यापासून तिने ते ॲप एकदाही उघडलं नव्हतं.

कॅमेरेवाला आला तो बोलतच आला. गोल, घामेजलेला, खिशाला दोन स्क्रूड्रायव्हर अडकवलेला माणूस.

"यंत्राला भूक लागली की ओरडतं, ताई. माझ्या धाकट्यासारखं," असं म्हणत त्याने टीव्हीखालचा रेकॉर्डर ओढला, झाकण काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. आतली हार्ड डिस्कची वायर ढिली झाली होती. ती त्याने दाबून बसवली. आवाज थांबला. घर एकदम इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर हॉलपर्यंत आली.

"आणि हे बघा, तारीख सटकलीय. आतला सेल संपला की हे सगळं विसरतं." मनगटी घड्याळात असतो तसला चपटा सेल त्याने बदलला. "एकदा रेकॉर्डिंग तपासू आणि मी सुटतो."

टीव्हीवर खाली एक लांब पट्टी उमटली. नुसतं रेकॉर्डिंग असेल तिथे निळी, कॅमेऱ्यापुढे काही हललं असेल तिथे लाल.

"दुपारी घरी कोण असतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग आजींच्या खोलीत ही लाल पट्टी कसली? तीन दहा ते तीन चाळीस. आदल्या दिवशी पण. त्याच्या आदल्या दिवशी पण… पडदा हलत असेल. नाहीतर कोळी. कोळ्यांना भारी प्रेम असतं कॅमेऱ्याचं." त्याने पट्टीवर बोट टेकवलं.

आईची खोली दिसली. चादर नीट घातलेला पलंग, खुर्ची, उशाशी औषधांचा रिकामा डबा. पलंगाच्या कडेला एक बाई बसली होती. दोन्ही हात तोंडावर होते आणि खांदे हलत होते.

"अहो, तुम्हीच तर आहात!" कॅमेरेवाला हसला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. "माफ करा ताई. खासगी आहे ते. तारीख चुकलीय ना, रविवारचं असेल एखाद्या."

"असेल," ताई म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ टीव्हीपुढे उभी राहिली. केस तिचे होते. पाठीचा बाक तिचा होता. पण आईच्या त्या पलंगावर ती पाच आठवड्यांत एकदाही बसली नव्हती. चादर बदलली तीसुद्धा उभ्याने, खोलीत जितका कमी वेळ काढता येईल तितक्या वेळात.

दुसऱ्या दिवशी ती नवा निळा स्वेटर घालून दुकानात गेली. तीन वाजून दहा मिनिटांनी तिच्यासमोर खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. तिने मुद्दाम घड्याळ बघून ठेवलं. संध्याकाळी घरी आल्यावर चपलाही न काढता रेकॉर्डर लावला. आता तारीख बरोबर होती, वेळ बरोबर होती. तीन दहाला आईच्या खोलीत तीच बाई आली. अंगात निळा स्वेटर होता. दारावरचा कॅमेरा तपासला, हॉलचा तपासला. तिथे दिवसभर कुणी फिरकलं नव्हतं. ती त्या खोलीच्या चौकटीतूनच सुरू व्हायची, आणि तीन चाळीसला उठून चौकटीपाशीच संपायची.

भीती वाटायला हवी होती. ताईने वाट बघितली. नाही वाटली. तिने ताट वाढून घेतलं आणि समोर बसून पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

मग ते रोजचंच झालं. रात्रीचं जेवण आणि ती अर्ध्या तासाची फीत. कॅमेऱ्यांना आवाज नव्हता, त्यामुळे ती बाई मुक्यानेच रडायची. कधी आईची शाल कपाटातून काढून नाकाला लावायची. कधी उशीवरून हात फिरवत राहायची. एकदा तर रडता रडता हसली, आणि मान हलवली, कुणीतरी काही म्हणाल्यासारखी. ताई उठून खोलीत बघून यायची. शाल घडी घातलेली, उशी जागच्या जागी. फक्त वास असायचा. आईच्या पावडरचा, आणि त्याखाली आणखी कसलातरी, ओलसर, तोंड धुतलेल्या टॉवेलसारखा.

एका दुपारी दुकानात ताईचा फोन वाजला. भाऊ होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"ताई, आज घरी आहेस?" त्याचा आवाज भरून आला होता. "आज धीर करून ॲप उघडलं मी. आईची खोली बघावीशी वाटली. तर तू दिसलीस…"

 समोरच्या बाईच्या नाकावरची फ्रेम ताईने एका हाताने सावरली.

"रड गं तू. मनसोक्त रड. मला सारखी काळजी होती, ही रडत का नाही. आता बरं वाटलं बघ." मग तो थांबला. "फोन कुठाय तुझा? हातात तर दिसत नाही…"

"स्पीकरवर आहे," ताई म्हणाली.

"बरं… बरं. बोलू नकोस मग. मी आहे इथे."

तो खरंच फोन चालू ठेवून गप्प राहिला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तो तिकडे कुणाला तरी सोबत करत होता. ताईला त्या क्षणी काहीतरी झालं. दुःख नव्हतं ते. आपल्या नावाने दुसरंच कुणी सही करून जावं, तसं काहीतरी. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा काही टोचलं होतं.

पुढच्या दिवशी तिने अर्धी रजा घेतली. पावणेतीनला घरी आली, दाराला आतून कडी घातली आणि आईच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. बरोबर त्याच जागी. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता. कोपऱ्यात वर कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा होता. तीन वाजले. तीन दहा झाले. फ्रिज घरघरला आणि थांबला. उन्हाचा तुकडा एक फरशी पुढे सरकला. कुणी आलं नाही. ताईने उशीवर हात ठेवून बघितला, शाल काढून नाकाला लावून बघितली. ती तिथे, कपड्यांच्या दुकानात दुसऱ्याची खरेदी संपायची वाट बघत बसावं, तशी बसून राहिली. तीन चाळीसला उठली, हॉलमध्ये आली आणि रेकॉर्डिंग लावलं.

पलंग रिकामा होता.

वेळ बरोबर, तारीख बरोबर, उन्हाचा तुकडा तोच. पलंगावर कुणी नव्हतं, चादरीला बसल्याची सुरकुतीसुद्धा नव्हती. तीन दहाला ती आली. पण आज दोन पावलं टाकून थबकली. आपल्या जागेवर कुणीतरी आधीच बसलेलं असावं, तशी बघत राहिली. मग तिने खुर्ची ओढून पलंगासमोर घेतली, बसली आणि पुढे वाकली. आज ती रडत नव्हती. ओठ हलत होते. सावकाश, समजूत काढताना हलतात तसे. पंचवीस मिनिटं ती रिकाम्या पलंगाशी बोलत होती. मग हात उचलून तिने हवेत, एखाद्या बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, अंगठ्याने काहीतरी पुसलं. आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं.

ताईने स्वतःच्या गालांना हात लावला. कोरडे होते. गार होते.

तिने लगेच कॅमेरेवाल्याला फोन केला. "सगळं काढून न्या. उद्याच्या उद्या."

"बिघडलं का पुन्हा?"

"नाही. आता बघायला कुणी नाही घरात, म्हणून."

तो सकाळी दहाला आला. दारावरचा कॅमेरा काढला, हॉलमधला काढला, वायरी गुंडाळल्या आणि स्टूल घेऊन आईच्या खोलीत गेला. ताई स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. दूध वर येईपर्यंत ती ओट्यापाशीच उभी होती. आतून त्याचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. "हो… हो… धरा जरा… नाही हो, असं कुठे असतं…" कुणाचा तरी फोन आला असेल, असं तिला वाटलं. या माणसाचं तोंड एरवीही बंद नसतंच. तिने दोन कप भरले आणि हॉलमध्ये आणले.

तो बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा मऊ झाला होता. हातात शेवटचा कॅमेरा होता.

"चहा करून मोकळ्यासुद्धा झालात? कमाल आहे. आत्ता तर आत होतात." त्याने कप उचलला. "पण बरं केलंत हो स्टूल धरलंत ते. एक पाय डगमगतोय त्याचा, पडलोच असतो."

ताईने हातातला कप खाली ठेवला.

"आणि मघाशी रडलात, त्याची लाज नका बाळगू," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझी आई गेली तेव्हा मी पण असाच… चालायचंच ते."

"मी काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"अं?"

"रडताना. काय म्हणाले मी?"

तो गोंधळला. "तेच की. अर्ध्या तासात उठून जावं लागायचं रोज, आता कॅमेरा गेला की इथेच राहता येईल…" त्याने चहाचा घोट घेतला. "मला नीट कळलं नाही, पण मी म्हटलं, राहा की. तुमचंच घर आहे."

त्याने रेकॉर्डर पिशवीत घातला, स्क्रूड्रायव्हर खिशाला अडकवले, काही लागलं तर फोन करा म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर विरेपर्यंत ताई दारातच उभी होती. तिच्या मनात आलं, आपणही चप्पल घालावी आणि त्याच्यामागून उतरावं. पण पायाला मुंग्या आलेल्या असताना उठता येत नाही, तसं झालं. तिने दार लावून घेतलं. कडी सरकवली.

घर शांत होतं. मग आईच्या खोलीतला पलंग करकरला. कुणीतरी नाक ओढलं, घसा साफ केला, आणि ताईच्याच आवाजात, जरा घोगऱ्या, रडून हलक्या झालेल्या आवाजात विचारलं,

"गेला का गं तो?"