पाणी चढलं तिथवर

मोजणीवालीचा उजवा बूट तळ्याकाठच्या चिखलात रुतला आणि पाय तेवढा मोकळा बाहेर आला! हातात यंत्राची पेटी, एका पायावर कसाबसा सांभाळलेला तोल... अशा वेळी कोणी बघू नये असं वाटतं ना, नेमकं तेव्हाच कोणीतरी बघतं.

"इथे सगळ्यांचेच बूट रुततात," होडीवाला त्याच्या शेडमधून खाली आला. हाताला रंग, केसांत लाकडाचा भुसा. "पण एवढ्या ऐटीत कोणी उभं राहत नाही."

"हसून झालं असेल तर बूट काढा."

त्याने काढला, वर धुऊनही दिला. तो वाकला होता तेव्हा ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तिचं काम तसं सरळ होतं. वस्तीसाठी काठावर बाग व्हायची होती, त्यासाठी जमीन घ्यायची होती. आजवर पाणी जिथवर चढलं तिथवरची जागा तळ्याची. त्याच्या वरची मालकाची, आणि ती घेतली तर मालकाला काठावरच दुसरी जागा मिळणार. होडीवाल्याची आजोबांपासूनची शेड नेमकी मध्येच! आणि त्या बाजूला पाणी कुठवर चढलं होतं, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

चार दिवस ती खुणा शोधत फिरली. चारही दिवस तो टेपचं दुसरं टोक धरायला हजर.

"तुम्हाला कामधंदा नाही का?"

"आहे की. पण टेप सरळ धरायला कोणीतरी लागतंच."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका हं..."

गडी कानापर्यंत लाल झाला. तिलाही हसू आवरेना, पण तिने कागदांत डोकं घातलं. ज्याची जमीन मोजायची त्याच्याशी घसट नको, असा कचेरीचा नियमच होता.

पाचव्या दिवशी त्याने टेपला हातच लावला नाही. तिला शेडमध्ये नेऊन त्याने फळ्यांचा ढीग बाजूला सारला. मागच्या भिंतीवर, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक लाल आडवी रेघ होती. खाली साल लिहिलेलं.

"पुराच्या वर्षी आईने मारलेली. पाणी इथवर आलं होतं."

"अहो, आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय! ही रेघ लिहिली की शेड गेली. बदल्यात वीतभर जागा मिळणार नाही."

"बाबाही हेच म्हणाले. फळ्या हलवू नकोस म्हणाले."

"मग मी... पाहिलीच नाही असं—"

"पाहिलीत," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही लिहाल. खोटं लिहायची पाळी तुमच्यावर आणायची नव्हती, म्हणून तर दाखवली."

काय माणूस आहे हा! तिला भरून आलं. तिने रेघेची उंची मोजली, लिहिली. त्याने खाली सही केली.

"म्हणजे आता तुमची इथे जमीन नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग माझ्या कामाशी तुमचा काही संबंध नाही."

"...नाही." त्याचा चेहरा पडला.

"शेडचं फार वाईट वाटतंय मला. पण आता सांगायला हरकत नाही... मला तुम्ही आवडता. फार आवडता."

तो बघतच राहिला. "शेड नसलेला होडीवाला?"

"हाच. दुसरा कोणी नको. आता जाल कुठे?"

"पलीकडे मामाचं आवार आहे. होडीने वीस मिनिटं."

"मला होडीची भीती वाटते..."

"मग हळू वल्हवीन. तासभर लागेल."

"लागू दे," ती म्हणाली, आणि त्याने पुढे केलेला हात धरून होडीत उतरली.