रिकामा पाळणा

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती माणसं आजही आहेत. जेवतात, झोपतात, नोकऱ्या करतात. त्यांतली एक माझी सख्खी मामेबहीण, संपदा. "नावं बदलून लिहू का?" असं मी तिला विचारलं होतं.

"कशाला?" म्हणाली. तिला आता कशाचंच काही वाटत नाही.

जागा जयपूर. दुर्गापुऱ्याहून सांगानेरकडे जाताना लागणारं एक साधं, पिवळ्या भिंतींचं चर्च. वेळ चोवीस डिसेंबरची, नाताळच्या आदल्या संध्याकाळची. बाहेर धुकं इतकं दाट की गेटवरचा कागदी तारा नुसता लाल डाग दिसत होता.

पण सुरुवात झाली ती आगमनकाळात. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी वेदीपाशी एक नवी मेणबत्ती.

संपदा मूळची राहात्याची. घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. नवरा अनिरुद्ध डॉक्टर, जयपूरच्या एका इस्पितळात नोकरीला. सोबत सासू, मालनबाई. आणि तनया, पाच महिन्यांची. लग्नानंतर सात वर्षं वाट बघितली, देवाला साकडं घालून झालं, डॉक्टर करून झाले, तेव्हा कुठे ही पोर झाली.

आणि झाली ती भोंगा घेऊनच. तनया रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे शर्माजी टीव्हीचा आवाज वाढवायचे. चर्चमध्ये तर विचारूच नका. गाणं सुरू झालं की हिचाही सूर लागायचा, आणि संपदा तिला घेऊन बाहेर पळायची.

त्या वर्षी फादरना एक कल्पना सुचली. दरवर्षी वेदीशेजारी गोठा करायचे, त्यात रिकामी गव्हाण. त्यांनी ठरवलं, या वर्षी गव्हाणीऐवजी मराठी पद्धतीचा पाळणा टांगायचा. चर्चमध्ये मराठी घरं इनमिन तीन. त्यात गळा फक्त संपदाला. तिने दर रविवारी मेणबत्ती लागण्याआधी पाळण्याचं एक कडवं म्हणायचं आणि दोरी ओढायची.

"लेकिन पालना खाली रहेगा," फादर म्हणाले. "चौबीस तारीख तक एकदम खाली. इंतज़ार दिखना चाहिए."

संपदा हरखून गेली. सांगानेरच्या सुताराकडून नवाकोरा पाळणा करून घेतला. आणि वर स्वतःची भर घातली. चोवीस तारखेला मूर्ती नको, खरंच बाळ ठेवू. माझी तनया.

फादरनाही ते आवडलं.

आवडलं नाही ते एकट्या मालनबाईंना.

पहिल्या रविवारी त्या मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनाविधीच्या, आधीच येऊन बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. संपदा पाळण्यापाशी गेली तर आत पेंढ्यावर काहीतरी गुंडाळून ठेवलेलं. तिने फडकं सोडलं.

आतून वरवंटा निघाला. घरचा. मसाला वाटायचा.

"मोकळा पाळणा हालवू नये गं," मालनबाई हळूच म्हणाल्या. "बारशाला नाही का, बाळाच्या आधी वरवंटा ठेवत्यात? मोकळी जागा दिसली की कुनीबी येऊन निजतं."

आता हे ऐकून गप्प बसली असती तर ती संपदा कसली! तिने वरवंटा हातात उंच धरला. गायनमंडळातल्या सगळ्यांना दिसेल असा.

"आई, येशूबाळाच्या जागी काय मसाला वाटणार आहात?"

मराठी माणसं हसली. बाकीच्यांना कळलं नाही, तर हिने ते हिंदीत करून सांगितलं. मग केरळची, झारखंडची, सगळीच हसली. गिटार वाजवणारा स्वप्नील तर खाली वाकून हसला.

मालनबाईंनी वरवंटा घेतला, पिशवीत टाकला आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

संपदाने दोरी ओढली. पाळणा हलका फुलासारखा हलला. पहिली मेणबत्ती लागली.

आणि तनया रडली नाही.

गाणं संपेपर्यंत टुकुटुकु बघत राहिली. संपदाला वाटलं, देव पावला.

दुसऱ्या रविवारीही रडली नाही. घरी रात्रीही एकदाच रडली, तेही बारीक आवाजात. बायका कौतुक करायला लागल्या. "कितनी अच्छी बच्ची है!"

पाळणा मात्र करकरायला लागला होता...

नवीन लाकूड आहे, थंडीने वाजत असेल. असं ती स्वतःशीच म्हणाली.

त्या पेंढ्याचीही एक पद्धत होती. बालवर्गातल्या मुलांनी आठवड्यात एखादं चांगलं काम केलं की पाळण्यात एक काडी टाकायची. म्हणजे नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण मऊ होतं. मुलं धावत येऊन काड्या फेकायची. ढीग चांगला फुगला होता.

तिसऱ्या रविवारी, चारांतली एकुलती गुलाबी मेणबत्ती लागते त्या दिवशी, संपदाने आत डोकावून पाहिलं.

ढिगाच्या मधोमध खळगा पडला होता.

लहानसा. एका बाजूला डोक्याएवढा गोल, खाली निमुळता...

तिने हाताने पेंढा सारखा केला आणि गायला उभी राहिली. दोरी ओढली.

पाळणा हलेना.

जोर लावला तेव्हा हलला. जड. आत भरलेलं काहीतरी घेऊन हलावा तसा. आणि तिने दोरी सोडल्यावरही हलत राहिला. मेणबत्ती लागली, वाचन झालं, प्रवचन सुरू झालं, तरी चालूच... करर... करर...

कुणाचंच लक्ष नव्हतं. फक्त मागच्या बाकावरून मालनबाई बघत होत्या.

चौथ्या रविवारपर्यंत तनयाचं रडणं पार थांबलं होतं. भूक लागली तरी नाही. ओलं झालं तरी नाही. अनिरुद्धने तपासलं. छाती साफ, कान ठीक, वजन ठीक. "शहाणी झाली आपली पोर," तो म्हणाला. "मतलब, आता आपल्याला झोप मिळणार." रात्रीच्या ड्युट्या करून तो इतका दमलेला होता की त्याला खरोखरच आनंद झाला.

त्या रविवारी संपदाने दोरीला हात लावला आणि पाळण्यातून वास आला. अंगावरच्या दुधाचा. आंबूस, कोमट. ज्या बाईने पोर पाजलं आहे तिला तो वास वेगळा सांगावा लागत नाही.

पाळणा करकरला... आणि तिला पान्हा फुटला. भर चर्चमध्ये ब्लाउज भिजला. तिने घाईघाईने शाल ओढून घेतली.

तनया दहा पावलांवर अनिरुद्धच्या खांद्यावर शांत झोपलेली होती.

तेव्हाच थांबायला हवं होतं. सगळं ऐकल्यावर मी तिला हे म्हटलंसुद्धा. पण नगरहून पाहुणे निघाले होते, तनयासाठी पांढरं झबलं शिवून झालं होतं, आणि सगळ्या चर्चला कळलं होतं की यंदा बाळ येशू संपदाच्या घरचा. आता माघार घेतली तर सासू जिंकली असती. खरं कारण ते होतं.

चोवीस तारीख. थंडीमुळे मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच ठेवली होती. चर्च खचाखच भरलेलं. मालनबाई त्या दिवशी अगदी पुढच्या बाकावर, पाळण्याच्या शेजारी. मांडीवर तीच पिशवी.

महिमागीत सुरू झालं. दिवे लागले. सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या. संपदा तनयाला घेऊन पुढे आली आणि वाकली.

पेंढ्याला तिचा हात लागला.

पेंढा गरम होता. कुणीतरी नुकतंच उठून जागा करून द्यावी तसा...

तिने तनयाला ठेवलं.

आणि तनया किंचाळली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. पूर्वीसारखी, भोंग्यासारखी. हात वर केले, आईचा पदर धरला. संपदाने तिची मूठ सोडवली. लोक मोबाइल धरून उभे होते. घंटा वाजत होत्या. संपदा दोरी ओढून गात राहिली.

गाणं, म्हणते मी! पोर जीव तोडून रडत होती आणि ही गात होती.

दुसऱ्या कडव्याला रडणं थांबलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपदाने बाळाला उचललं. बाळाने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसं.

त्या रात्रीपासून त्या बाळाने अंगावरचं दूध घेतलं नाही.

बाटली घेतली. खळखळ न करता घेतली. जानेवारीत बाप्तिस्मा झाला. थंडगार पाणी डोक्यावर पडलं की कुठलंही मूल रडतं. हे रडलं नाही. डोळे उघडे ठेवून फादरकडे बघत राहिलं. फादरची प्रार्थना मध्येच अडखळली, ती त्यांना पुन्हा सुरू करावी लागली.

गोठा काढला तेव्हा पाळणा चर्चच्या मागच्या खोलीत गेला. मोडक्या खुर्च्यांबरोबर. त्या रविवारी संपदा तिथून जात होती.

आतून रडण्याचा आवाज आला.

भोंगा.

काही विचार करण्याआधीच तिचा ब्लाउज भिजला होता.

चौकीदाराने कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. पाळणा रिकामा. रडणं मात्र तिथूनच येत होतं, आणि ते चौकीदाराला ऐकू येत नव्हतं. संपदाने दोरी ओढली. पाळणा जड होता. तिने गाणं म्हटलं.

हळूहळू रडणं थांबलं.

मग ती रोज जायला लागली. दुर्गापुऱ्यातल्या घरून रिक्षा करून, घरातलं बाळ सासूजवळ टाकून. दुपारभर रिकामा पाळणा हलवत बसायची. घरी दूध यायचं नाही, थेंबही नाही. तिथे पोचलं की पान्हा फुटायचा. तिच्या अंगाला कळत होतं आपलं पोर कुठे आहे ते. घेता मात्र येत नव्हतं.

एकदा तिने सासूचे पाय धरले. "आई, काहीतरी करा. तुम्हाला कळतं यातलं."

मालनबाई भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"त्या संध्याकाळी वरवंटा पिशवीत होता माझ्या," म्हणाल्या. "हात लांब केला आसता तर पाळण्यात पडला आसता. तू ठेवायच्या आधी."

"मग?"

"मग काय? तू हासली व्हतीस ना."

थोड्या वेळाने मालनबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, "आता तिचं नाव घेऊ नको. जे हाती आलंय ते वाढव."

अनिरुद्धला यातलं काही पटणं शक्यच नव्हतं. बाळंतपणानंतर बायकांचं असं होतं, त्याला माहीत होतं. त्याने गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा त्याला वाटलं, सगळा घोळ त्या पाळण्याचा आहे. बायकोवर त्याचा जीव होता. म्हणून एका दुपारी, तिला न सांगता, तो चर्चमध्ये गेला. चौकीदार मागच्या अंगणात शेकोटी करून बसला होता.

संपदा तेव्हा घरी होती, निघायच्या तयारीत. चप्पल पायात घालत होती.

आणि घरात पहिल्यांदाच पान्हा फुटला.

असा, की थांबेना. धारा लागल्या. साडी भिजली, फरशीवर थेंब पडले. कानात रडणं नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त दूध वाहत होतं. तिला कळलं. ती तशीच अनवाणी जिना उतरून रस्त्यावर धावली. रिक्षांना हात केले. ओल्या अंगाची, मोकळ्या केसांची बाई बघून एकही रिक्षा थांबली नाही.

मग दूध बंद झालं. नळ बंद करावा तसं.

ती परत वर आली तेव्हा मालनबाई दाराला टेकून उभ्या होत्या. तोंडाला पदर लावलेला.

आत, पलंगावर, बाळ हसत होतं. पहिल्यांदाच. खदाखदा.

अनिरुद्ध संध्याकाळी घरी आला. बाळाचं हसू बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो?" त्याच्या स्वेटरला धुराचा वास येत होता.

याला आता तीन वर्षं होत आली. मुलगी हुशार आहे. हिंदी फाडफाड बोलते. पडली, लागलं, इंजेक्शन दिलं, तरी रडत नाही. मालनबाई तिला 'बाय' म्हणतात. तनया म्हणून कधीच हाक मारत नाहीत.

हे सगळं संपदाने मला मागच्या आठवड्यात सांगितलं. माझ्या मुलाच्या बारशाला ती सगळी आली होती तेव्हा. स्वयंपाकघरात बसून, तांदूळ निवडत बोलावं तशा आवाजात सांगितलं.

सांगून झालं आणि आम्हाला बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

करर... करर...

मी धावत गेले. बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं. पाळणा फुलं लावून तयार, रिकामा. आणि ती मुलगी दोरी धरून उभी होती. एका लयीत ओढत होती.

संपदा माझ्या आधी दारात पोचली होती. तिने ते पाहिलं होतं. दोन ढांगांत जाऊन हात धरता आला असता.

ती जागची हलली नाही.

"हलवू दे गं," म्हणाली. "रडणं कमी होतं."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, दुःख नव्हतं. मालनबाईंनी पिशवीवर हात ठेवून जसं पाहिलं असेल, तशी ती पाहत होती.

मी दोरी ओढून घेतली. वरवंटा आणून ठेवला. लोकांना गंमत वाटली.

त्या मुलीने पाळणा किती वेळ हलवला होता, ते मला माहीत नाही.

माझा मुलगा तसा गुणी आहे. चार दिवसांपासून फारसा रडत नाही. सगळे कौतुक करतात.