डावीकडच्या मुक्या पट्ट्या

सारिका जिना चढून वर आली ती कीबोर्ड खांद्यावर घेऊनच. टेबलावरच्या फायली आणि हरेशभाऊंचं वर्तमानपत्र बाजूला सारून तिने तो आडवा ठेवला आणि म्हणाली, "याच्या डावीकडच्या पट्ट्या कोण मारतंय, ते मला शोधून द्या."

शहापूरच्या एसटी स्टँडमागे संजीवनीचं हे दोन खुर्च्यांचं ऑफिस. खून-दरोडे तिच्या वाट्याला कधी आले नाहीत. लग्नाआधी मुलाची चौकशी, विम्याचे खोटे दावे, असली कामं. वय पंचावन्न. ऑफिसच्याच वर राहायची, एकटी. तिचे मदतनीस हरेशभाऊ शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. स्कूटर त्यांची, वही त्यांची, डोकं बाईंचं, अशी वाटणी होती. गोष्ट त्यांच्या डोक्यात उशिरा शिरायची, पण शिरली की बाहेर पडायची नाही.

सारिकाचं बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान होतं. अॅम्प्लिफायर, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. वडिलांच्या मागे तिनेच चालवलं होतं. हा कीबोर्ड मुरबाडकडच्या चिंचवाडीतल्या बेंजो पार्टीचा. मूळचा कान्हाचा. कान्हा मागच्या वर्षी पौषात मोटरसायकलवरून पडून गेला. उन्हाळ्याची लग्नं कीबोर्ड नीट वाजला. मग गणपतीआधी डावीकडच्या पट्ट्या बंद. सारिकाने दुरुस्त केला. दसऱ्याआधी पुन्हा त्याच पट्ट्या बंद. पुन्हा दुरुस्त केला. आणि आता माघात तिसऱ्यांदा.

"पार्टीतला कमळू सांगत सुटलाय की मी चांगले पार्ट काढून जुने टाकते. रविवारी पार्टीची बैठक आहे. हा भंगारात काढायचा, नवा घ्यायचा आणि माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं ठरणार आहे. बाई, तालुक्यातल्या सगळ्या पार्ट्या एकमेकांचं ऐकतात. एकीने हात काढला की दुकानाला कुलूपच."

 संजीवनीने कीबोर्ड उलटा केला. मागच्या प्रत्येक स्क्रूवर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला, त्यावर सारिकाची सही.

"हे मी दसऱ्याला लावले," सारिका म्हणाली. "कुणी उघडलं तर फाटायला हवेत."

संजीवनीने भिंग घेऊन एकेक तुकडा पाहिला. एकही फाटला नव्हता, उचकटला नव्हता. फक्त सगळे चहाच्या रंगाचे झाले होते.

"कागद असाच होता?"

"नाही, पांढराशुभ्र. झेरॉक्सचा."

"हल्ली कागदातही भेसळ असते," हरेशभाऊंनी ज्ञान दिलं.

संजीवनीच्या सांगण्यावरून सारिकाने तिथेच कागद फाडले, स्क्रू काढले आणि झाकण उचललं. पट्ट्यांच्या खाली रबराची लांब फीत होती. पट्टी दाबली की हे रबर खालच्या सर्किटच्या पाटीला टेकतं आणि सूर उमटतो. डावीकडच्या भागात त्या रबरावर तपकिरी, चिकट थर होता. उजवीकडे जाता जाता तो विरळ होत गेला होता.

"दर वेळी हेच. आणि हा जळका वास. वाटतं आत काहीतरी जळतंय, म्हणून दोन्ही वेळा मी पॉवरचा भाग बदलला. जळालेलं मात्र काहीच सापडत नाही."

हरेशभाऊंनी वाकून वास घेतला आणि खुर्चीत मागे टेकले. "काय झालंय कुणास ठाऊक. मला एकदम भूक लागली. नाचणीची भाकरी खावीशी वाटतेय."

सारिकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी वहीत डोकं घातलं. संजीवनीने मात्र भिंग खाली ठेवलं.

"हरेशभाऊ, हे लिहून ठेवा," ती म्हणाली.

"भाकरीचं?"

"भाकरीचंच."

---

संध्याकाळी ते वाशिंदला गेले. भाविक तिथल्या एका कारखान्यात होता, खोलीही तिथेच. कान्हाच्या मागे कीबोर्ड तोच वाजवायचा. कारखान्याच्या गेटबाहेर, पाळी सुटल्यावर, त्याने न विचारताच मोबाइलवर नव्या कीबोर्डचा फोटो दाखवला. सगळं त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. आणला की इथेच खोलीवर ठेवणार होता, म्हणजे वाशिंदहून लग्नाच्या सुपारीला थेट निघता येईल.

"जुना किती दिवस ओढायचा, मॅडम?" तो म्हणाला. "माघातल्या वरातीत नवरा घोड्यावर आणि माझा डावा हात मुका. लोक हसले. मला तो कीबोर्ड वाजवताना तसंही बरं वाटत नाय. त्याच्यावर कान्हाची बोटं हायेत."

परतताना हरेशभाऊंनी निकाल देऊन टाकला. नवा हवा म्हणून जुना बिघडवला, स्वच्छ आहे. संजीवनीने विचारलं, न उघडता कसा बिघडवला? हरेशभाऊंनी स्कूटरचा वेग वाढवला.

रात्री तिने नेहमीप्रमाणे ओट्याजवळ उभ्यानेच जेवण उरकलं. टीव्ही दिसेल असा दरवाजा उघडा ठेवला होता. आवाज बंदच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हवली मागे टाकून ते चिंचवाडीत पोचले. ढोलकी वाजवणारा कमळू अंगणात दोर वळत बसला होता. त्याने सारिकाचा उद्धार केला, तो इथे देण्यात अर्थ नाही. संजीवनीची नजर मात्र त्याच्या पिशवीतल्या नव्या कोऱ्या पेचकसांच्या संचावर होती. तिने सरळ विचारलं तेव्हा तो ओशाळला. मोबाइलवर बघून दुरुस्ती शिकत होता. कीबोर्ड उघडून बघावा असं फार मनात होतं, पण सहीचे कागद बघून हात मागे घेतला.

"लग्नाच्या दिवसांत कधी बिघडला?"

कमळूने आठवलं. "नाय. तुळशीच्या लग्नानंतर चार सुपाऱ्या वाजवल्या, ठणठणीत. मंग पौष लागला. पौषात कोण लगीन करतंय? महिनाभर पडून व्हता. माघात काढला तर मुका."

"आणि आधी?"

"गणपतीआधी पावसाळाभर पडूनच व्हता. दसऱ्याच्या वेळी पितरांचा पंधरवडा."

"पडून कुठे असतो?"

"सोमीआयेकडं. कान्हाची आय. आमच्या पार्टीत वाद्य ज्याचं त्याच्याच घरातनं निघतं. घरची बाई हळदकुंकू लावते, मंग सुपारी. कान्हा गेला म्हणून रीत कशी मोडायची? कपाट बी करून दिलंय आमी, कीबोर्डाच्या मापाचं."

सोमीचं घर वाडीच्या टोकाला, शेवटचं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर. साठीची बाई, अंगाने वाळलेली. तिने दोघांना पाहिलं आणि कोण, कशाला हे विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा. आज कोन येईल असं वाटलं नवतं," ती म्हणाली. "पोरं सुपारीला येतात, तेवढंच मानसांचं बोलनं कानावर पडतं."

कीबोर्ड कुठे असतो, या प्रश्नावर तिने बाहेरच्या खोलीतल्या लाकडी कपाटाकडे बोट केलं. संजीवनीने परवानगी घेऊन ते उघडलं. आत गोधड्या नीट रचलेल्या होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की हरेशभाऊ दोनदा शिंकले.

चहाला ते आत गेले. चूल पेटलेली होती. चुलीसमोर एक पाट, एक ताट, एक तांब्या. वर बांबूचा माळा, धुराने काळाभोर. त्याच्या एका टोकाला, बरोबर चुलीवर, पेंढ्यात बांधलेलं बियाण्याचं भात होतं. दुसऱ्या टोकाला जुनी ढोलकी. मधे दोन हात लांब जागा मोकळी होती. हरेशभाऊंनी वहीत लिहिलं, 'घर स्वच्छ. संशयास्पद काही नाही.'

संजीवनी पाटावर टेकली आणि चहा संपेपर्यंत वर बघत बसली. निघताना सोमीने विचारलं, कीबोर्ड भंगारात जाणार म्हणतात ते खरं का? संजीवनी म्हणाली, रविवारी सांगते. वाटेत ती पुन्हा पुन्हा मागे वळून वाडीकडे बघत राहिली, आणि हरेशभाऊंना कळलं की तिला उत्तर सापडलंय आणि ते आवडलेलं नाही.

---

रविवारी दुपारी बैठक सोमीच्याच घरी भरली. बाहेरच्या खोलीत भाविक, कमळू, सारिका, आणि दाराच्या चौकटीला टेकून सोमी. सारिकाने साफ करून आणलेला कीबोर्ड मधे ठेवला होता.

"पहिली गोष्ट," संजीवनीने सुरुवात केली, "हा कीबोर्ड दसऱ्यानंतर कुणीच उघडलेला नाही. सहीचे कागद मी स्वतः तपासलेत. म्हणजे कमळूचे पेचकस निर्दोष. भाविकला नवा हवाय, पण न उघडता आतल्या रबरावर थर चढवण्याची जादू त्याला येत नाही. आणि सारिकाने लबाडी केली असती, तर तिच्याकडून नेल्यावर चार सुपाऱ्या ठणठणीत वाजला नसता."

कमळू जमिनीकडे बघू लागला.

"दुसरी गोष्ट. तो बिघडतो कधी? पावसाळ्यात, पितृपक्षात, पौषात. म्हणजे लग्नं नसतात तेव्हा. वाजतो तेव्हा बिघडत नाही, घरी पडून असतो तेव्हा बिघडतो. तिसरी गोष्ट, ते कागद. पांढरे होते, चहाच्या रंगाचे झाले. जे आत शिरलं तेच बाहेरून कागदावरही बसलं. स्पीकरच्या जाळीतून आत जायला त्याला पेचकस लागत नाही. चौथी गोष्ट हरेशभाऊंची."

"माझी?" हरेशभाऊ दचकले.

"तुम्ही कीबोर्डचा वास घेतलात आणि तुम्हाला भाकरी आठवली. सारिका गॅसवर स्वयंपाक करणारी आणि कारागीर. तिला जळका वास म्हटलं की आत पार्ट जळाला असंच वाटणार. कमळूच्या घरात सगळ्यालाच तो वास, त्याला तो कळणारच नाही. तुमची आई चुलीवर भाकऱ्या करायची, तुमच्या नाकाने बरोबर ओळखलं. तुम्हाला तेवढं कळलं नाही, इतकंच. हा चुलीचा धूर आहे."

सारिकाने कपाळावर हात मारला, आणि संजीवनी पुढे बोलू लागली.

"कपाटाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, कीबोर्डला नाही. तो कपाटात राहतच नव्हता. आत माळ्यावर बियाणं आणि ढोलकी यांच्या मधे दोन हात जागा मोकळी आहे, बरोबर याच्या मापाची. डावी बाजू चुलीकडे यायची, म्हणून पहिल्या मुक्या पडल्या त्या डावीकडच्या पट्ट्या."

सगळ्यांनी सोमीकडे पाहिलं. तिने पदराचं टोक हातात घेतलं होतं.

"चांगली चीज आमी धुरावरच ठेवतो," ती हळूच म्हणाली. "बी धुरावर ऱ्हातं, कीड लागत नाय. ढोलकी धुरावर ऱ्हाते, पावसात बी सैल पडत नाय. कान्हाचा बा तसंच ठेवायचा. मला वाटलं, कपाटात कुबट होईल. पोरांना वाईट वाटू नये म्हनून कपाटात हाय म्हनलं, आन् सुपारीच्या आदल्या दिवशी पुसून आत ठेवायची."

"मावशी, एवढंच कारण?" संजीवनीने विचारलं. "मी त्या दिवशी तुमच्या पाटावर बसले होते. तिथून मान जराशी वर केली की नजर त्या मोकळ्या जागेवरच जाते. एकटं माणूस जेवताना समोर काहीतरी बघतं. मी टीव्ही बघते, आवाज बंद करून."

सोमीने हातातलं पदराचं टोक सोडलं.

"भाकरी खाताना दिसायचा," ती म्हणाली. "तेवढंच दोघं जेवल्यासारकं." मग तिने कीबोर्डकडे पाहिलं. "म्हंजे त्याच्या पट्ट्या मीच मारल्या?"

 रहस्य उलगडलं की आपलं काम संपलं, असं ती एरवी म्हणायची. आज तसं म्हणता येईना.

सारिका उठली. तिने सोमीचा हात धरून तिला कीबोर्डपाशी बसवलं आणि तिचं बोट डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर ठेवून दाबलं. खर्जाचा जाड सूर खोलीभर पसरला.

"मेल्या नाहीत, मावशी. धूर बसला होता, धुतला. आत काही जळालेलं नाही. धुरापासून लांब ठेवला तर दहा वर्षं वाजेल. नवा कशाला घेताय?"

हे शेवटचं भाविकला होतं. भाविकने मोबाइल काढला, तो फोटो पाहिला, आणि मोबाइल परत खिशात टाकला. नवा आला असता तर तो वाशिंदला राहिला असता आणि या घराकडे कुणी फिरकलं नसतं, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. इथनंच निघेल."

कमळूने सारिकाची माफी मागितली, ती इतक्या बारीक आवाजात की दुसऱ्यांदा मागावी लागली. सगळ्या पार्ट्यांना तो स्वतः सांगणार होता. सारिकाने स्क्रू आवळले. या वेळी तिने त्यांच्यावर कागद चिकटवले नाहीत. गोधड्या काढून कीबोर्ड कपाटात ठेवला, दार लावून घेतलं, आणि काम संपलं असं सगळ्यांना वाटलं.

"मंग मी कुठं बसून जेवू?" सोमीने विचारलं.

तिने ते तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

कमळू आत गेला. चुलीसमोरचा पाट उचलून त्याने बाहेरच्या खोलीत आणला, कपाटासमोर मांडला आणि कपाटाची दोन्ही दारं पुन्हा सताड उघडली.

"इथवर आनेस्तवर भाकरी गार होते रे," सोमी म्हणाली.

"गार खा, आये."

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. सगळे जायला निघाले होते, पण ती पाटावर बसून पहिला घास मोडेपर्यंत कुणी उंबरा ओलांडला नाही.